कोअर, ऊन आणि वजनकाटा : कुपवाडच्या एका फाउंड्रीतल्या नोंदी

१० जून २०२४

आजपासून सल्लागार म्हणून काम सुरू. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली ग्रे आयर्नची फाउंड्री, म्हणजे लोखंडाची ओतशाळा, शेजारी स्वतःचं मशीन शॉप. ५०० किलोची इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवरची भट्टी, पाळीला सात-आठ हीट (लोखंड वितळवण्याच्या खेपा). मुख्य माल मोनोब्लॉक पंपाची केसिंग (बाहेरचं कवच), लोखंडाचा ग्रेड एफजी २००, नगाचं वजन १४ किलो, महिन्याला साधारण २४०० नग. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

तक्रार अशी, की पाऊस सुरू झाला की रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, चढतं. मार्च-एप्रिलमध्ये पाच टक्के, गेल्या जुलैत तेरा. दोष फाउंड्रीत दिसत नाही. कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, फेटलिंगमधून (जादा कडा तासून), शॉट ब्लास्टमधून (लोखंडी छर्‍यांच्या मार्‍यातून) स्वच्छ होऊन मशीनवर जातं आणि पहिला कट घेतला की आतली पोकळी उघडी पडते. म्हणजे लोखंड, वीज, मजुरी यांच्या जोडीला मशीनची बावीस मिनिटंही गेली.

करार एका पानाचा. दिवसाचा दर, जास्तीत जास्त ४० दिवस, तेही ऑक्टोबरपर्यंत पसरलेले. अण्णा म्हणाले, "बचतीवर टक्का घ्या की, तुम्हालाच जास्त पडेल." मी तो कधी घेत नाही. रिजेक्शन कमी होतं ते साचे आणि कोअर (नग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) करणाऱ्यांच्या हातांनी. त्यातला टक्का मी घरी नेतोय हे त्यांना कळलं, तर मला खरं कोण सांगणार?

दोन अटी माझ्याही होत्या. पहिले तीन दिवस मी काही बोलणार नाही. आणि चर्चा केबिनमध्ये करायची नाही, लाईनवर करायची. दोन्ही मान्य झाल्या. सेफ्टी शूज माझे मी आणले आहेत.

११ ते १३ जून

तीन दिवस उभा राहिलो. टोयोटाचे ताइची ओहनो खडूनं जमिनीवर गोल काढून त्यात माणसाला तासन् तास उभं करत आणि मग काय दिसलं ते विचारत. मी गोल काढत नाही, पण जागा ठरवून उभा राहतो. पहिला दिवस मोल्डिंगजवळ, म्हणजे साचे भरतात तिथे, दुसरा भट्टी आणि ओतकामाजवळ, तिसरा मशीन शॉपमध्ये. कोअर शॉपला पुरेसा वेळ दिला नाही, हे आज लिहून ठेवतो.

दिसलेलं: रिटर्न सँड (साचे मोडून पुन्हा वापरायची वाळू) गरमच परत येते, हाताला चटका बसतो. वाळूतल्या मॉइश्चरची, म्हणजे ओलाव्याची, नोंद दिवसातून एकदाच, सकाळी. लॅडल (लोखंड ओतायचं भांडं) नीट तापवतात. मिस्त्रींचा ओतण्याचा हात फार चांगला आहे, धार तुटत नाही. मशीन शॉपच्या रजिस्टरमध्ये रिजेक्शनच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, ब्लो होल (गॅसनं पडलेली पोकळी). त्याखाली सगळीकडे वरच्यासारखंच म्हणून दोन टिंबं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रींनी स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. सोबत शेंगादाण्याची चटणी. त्यांचे वडील किर्लोस्करवाडीला मोल्डर होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला, तिथून ही विद्या या भागात घरोघरी पसरली. इकडच्या कितीतरी छोट्या फाउंड्र्यांत विचारलं तर कुणाचा ना कुणाचा आजा वाडीला कामाला असतो. अशा माणसांपुढे सल्लागार म्हणून उभं राहताना मला जबाबदारी वाटते.

१४ जून

आज बोललो. संशय वाळूवर. गरम रिटर्न सँड, वर मॉइश्चर ४.६ टक्क्यांपर्यंत. ग्रीन सँडला, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूला, ३.५ च्या आसपास हवं. सँड प्लांटवरच्या मुलाला सर्वांसमोर म्हणालो की पाणी अंदाजानं सोडतोस, तिथून गॅस तयार होतोय. दर तासाला कार्बाइड टेस्टरवर मॉइश्चर घ्यायचं ठरवलं. पहिले दोन दिवस मी स्वतः घेईन.

२० जून

मॉइश्चर ३.४ ते ३.७ मध्ये आलं, चार दिवस टिकलं. त्या वाळूतल्या कास्टिंग मशीनवर गेल्या. रिजेक्शन बारा टक्के. आधीच्या आठवड्यात साडेबारा होतं. म्हणजे काहीच नाही.

माझं निदान चुकलं. वाळू सुधारली हे बरं झालं, पण दुखणं ते नव्हतं. मी सवयीनं गेलो. मागे एका कारखान्यात हेच कारण निघालं होतं, म्हणून इथेही तेच असणार असं धरलं आणि तुटलेली कास्टिंग एकदाही हातात घेऊन पाहिली नाही.

सँड प्लांटवरच्या त्या मुलाला दुपारी त्याच लोकांसमोर सांगितलं, की माझं चुकलं, तुझ्यामुळे रिजेक्शन येत नव्हतं. तो काही बोलला नाही. संध्याकाळी टेस्टरचं रीडिंग त्यानं स्वतःहून आणून दाखवलं.

२१ जून

आज घण घेतला. मशीन शॉपच्या मागे भंगारात जायला ठेवलेल्या केसिंगमधून ५० बाजूला काढल्या आणि पोकळी दिसते तिथे एकेक फोडली. मदतीला फेटलिंगचे दोघं. सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन. खांदा अजून ठणकतोय.

पोकळीच्या भिंती बघायच्या असतात. गुळगुळीत, चकचकीत भिंत म्हणजे गॅस. खडबडीत आणि आत वाळूचे कण म्हणजे वाळू तुटून आली. काचेसारखं काळपट काही चिकटलेलं असलं तर स्लॅग, म्हणजे वितळलेल्या लोखंडावरची मळी. ५० पैकी ३१ गॅसच्या, ९ वाळूच्या, ६ स्लॅगच्या, ४ मध्ये नीट ठरवता आलं नाही. रजिस्टरमध्ये पन्नासही ब्लो होल.

खरी गोष्ट त्या ३१ मध्ये होती. गॅस साच्याच्या वाळूतून आला असता तर पोकळ्या बाहेरच्या अंगाला, कशाही विखुरलेल्या सापडल्या असत्या. या सगळ्या आतल्या अंगाला, कोअरच्या बाजूला आणि वरच्या पेटीकडे जमलेल्या.

२२ जून

प्लायवुडच्या तुकड्यावर केसिंगचं चित्र काढलं आणि ३१ पोकळ्यांच्या जागी लाल खडूचे ठिपके दिले. बोर्ड मशीन शॉपच्या दारात टांगला. आता पोकळी सापडली की ऑपरेटर स्वतः ठिपका देईल.

अण्णांचा मुलगा पुण्याहून इंजिनिअर होऊन आलाय, हुशार आहे, कामाची कळकळ आहे. म्हणाला, "सर, हे टॅबलेटवर घेऊ या ना, डॅशबोर्ड बनवतो." मी म्हणालो, बनवा, पण महिन्यानंतर. आज ऑपरेटरच्या हातात कुलंट आणि लोखंडाचा कीस आहे, त्याला खडू परवडतो. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तो बोर्ड बघतो, टॅबलेट फक्त तुम्ही बघाल. त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण संध्याकाळी ठिपके मोजत तोच उभा होता.

मिस्त्री बोर्डासमोर बराच वेळ थांबले. मग एवढंच म्हणाले, "ह्ये कोअरचं हाय."

२५ जून

पूर्ण दिवस कोअर शॉपमध्ये. जिथे पहिल्या दिवशी जायला हवं होतं.

सहा बायका, त्यांच्यातल्या जाणत्या म्हणजे अक्का. इथे बावीस वर्षं. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) कोअर: सिलिकेट मिसळलेली वाळू पेटीत ठोकायची, गॅस सोडायचा, कोअर कडक होतो. मग ग्रॅफाइटच्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ लेपात, बुडवायचा, म्हणजे कास्टिंग आतून गुळगुळीत निघतं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत वॉश स्पिरिटचा होता, काडी लावली की पेट घेऊन दोन मिनिटांत कोरडा. एकदा ज्वाळा उडाली, एकीचा हात भाजला. तेव्हापासून पाण्याचा वॉश. अण्णांचा तो निर्णय योग्यच होता.

पण पाण्याचा वॉश वाळवायला लागतो. कुठे वाळवता? अक्कांनी मागचं अंगण दाखवलं. फरशीवर उन्हात. आणि पावसाळ्यात? आतच, मांडणीवर, पंखा लावून. मांडणी पश्चिमेच्या भिंतीला आणि त्या भिंतीला ओल.

अक्कांनी मांडणीवरचा एक कोअर उचलून गालाला लावला, मग माझ्या हातात दिला. "लावून बगा. गार लागतोय न्हवं? म्हंजी वला हाय. उनातला गार लागत न्हाई." माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं हा कोअर गार होता. पाणी उडून जाताना उष्णता ओढून घेतं. बाईंच्या गालाला जे बावीस वर्षांपासून कळतंय ते मोजायला आमच्याकडे इथे एकही उपकरण नव्हतं.

त्यांनी हे सुपरवायझरला मागच्याच पावसाळ्यात सांगितलं होतं. तो तरी काय करणार? मोल्डरांचा दर साच्यावर. कोअर नाही म्हणून लाईन थांबली तर दहा माणसं त्याच्या अंगावर येतात. ओला कोअर साच्यात गेला तर चार दिवसांनी, दुसऱ्या शेडमध्ये, दुसऱ्याच्या मशीनवर दिसतो. साचा भरला की मोजला जातो, चांगला निघाला की नाही ते त्याच्या हिशेबात येतच नाही.

२६ जून

विश्रामबागेतून येताना भांड्यांच्या दुकानातून इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घेतला, दहा किलोचा, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा.

नुसतं वजन करून उपयोग नाही, कारण कोअर मुळातच कमी-जास्त भरतात. म्हणून वॉशच्या आधी वजन करून आकडा कोअर प्रिंटवर (कोअर साच्यात टेकतो त्या टोकावर) पेन्सिलनं लिहायचा. तो भाग धातूला लागत नाही. मग वॉशनंतर आणि साच्यात जाण्याआधी पुन्हा.

४० कोअर केले. सरासरी: वॉशआधी २८४० ग्रॅम, वॉशनंतर लगेच २९०५. पूर्ण कोरडा करून पाहिला (कॅन्टीनच्या गॅसवर जुन्या तव्यावर, हळूहळू फिरवत) तेव्हा २८६५. म्हणजे २५ ग्रॅम ग्रॅफाइट आणि ४० ग्रॅम पाणी. मांडणीवर रात्रभर पंख्याखाली ठेवलेले सकाळी साच्यात चालले होते, त्यांचं वजन २८९५. अजून ३० ग्रॅम पाणी आत.

ही आकडेमोड मी कागदावर अण्णांसमोर लाईनवरच केली. एक ग्रॅम पाण्याची उकळबिंदूला सुमारे १.७ लिटर वाफ होते. ३० ग्रॅमची पन्नास लिटरहून जास्त. लोखंड ओततो १३५० अंशांच्या वर, तिथे ती आणखी फुगते. एवढी वाफ काही सेकंदांत कोअरमधून सुटणार, तिला वाट मिळाली नाही तर ती वितळलेल्या लोखंडातच शिरणार. अण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

२७ जून

वाफेच्या वाटेचा प्रश्न. प्रत्येक कोअरच्या मधून आरपार व्हेंट, म्हणजे वाफ जायचं छिद्र, असतं, सळईनं पाडलेलं. काल पाहिलं तर काही व्हेंट ग्रॅफाइटनं बुजलेली. सुपरवायझर म्हणाला, नव्या मुली निष्काळजीपणे बुडवतात.

मी म्हणालो, मी बुडवतो. सकाळी ४० कोअर माझ्या हातानं वॉशमध्ये काढले, अक्कांनी दाखवलं तसंच, जमेल तेवढ्या काळजीनं. नंतर प्रत्येकात तार घालून पाहिली. अकरा बुजलेली. अक्कांच्या चाळिसात एकच.

मग त्यांचा हात नीट पाहिला. बुडवताना त्या अंगठ्यानं एक टोक आणि करंगळीनं दुसरं टोक दाबून धरतात. कुणी शिकवलं नाही, आपोआप बसलेलं. नव्या मुलीचा हात तेवढा मोठा नाही. माझा मोठा आहे पण सराव नाही. दोष मुलींचा नव्हताच.

टायरवाल्याकडून रबरी तुकडे आणले, निमुळते कापून बुचं केली. बुडवण्याआधी दोन्ही टोकांना बुच, नंतर काढून घ्यायचं. दुपारी सगळ्यांत नव्या मुलीनं ४० केले, बुजलेली दोन. बुच निमुळतं किती कापायचं हे अक्कांनीच बदलून दाखवलं, माझं पहिलं सैल होतं.

लिहून ठेवतो: काम हातानं करून पाहिलं नसतं तर आजच्या नोंदीत "प्रशिक्षण द्यावे" एवढंच आलं असतं. नोकरीत असताना आमच्या प्लांटला बाहेरच्या सल्लागारांचा एक जाड अहवाल आला होता. त्यात तीन ठिकाणी हेच वाक्य होतं. तो लिहिणाऱ्यांपैकी कुणीही आमच्या मशीनला हात लावला नव्हता. अहवाल कपाटात राहिला. त्याच वर्षी माझ्या डोक्यात नोकरी सोडायचं घोळायला लागलं.

१ ते ३ जुलै

चाचणी. तीन दिवस, रोज ६० केसिंग. ३० साच्यांत तव्यावर कोरडे केलेले आणि व्हेंट तपासलेले कोअर, ३० साच्यांत नेहमीचे. त्याच हीटमधून, आलटून-पालटून, ओतायला मिस्त्रीच. प्रत्येक कास्टिंगवर पंचनं खूण. तव्यावर रोज तीस कोअर कोरडे करायला सकाळी पाचपासून दोघी जणी आणि मी. कॅन्टीनच्या मावशींनी तक्रार केली, चहा उशिरा झाला. बरोबरच आहे त्यांचं.

मशीनवर गेल्यावर हिशेब: कोरड्या ९० पैकी ४ रिजेक्ट, नेहमीच्या ९० पैकी १३. पहिल्या दिवशीच फरक दिसला होता, पण तीस नगांवर बोलायचं नाही, असं ठरवलं होतं.

५ जुलै

अण्णांशी पैशांचं बोलणं. आकडे त्यांचेच: भंगाराची किंमत वजा करून एका रिजेक्ट केसिंगमागे साधारण ८०० रुपये जातात, मशीनिंग धरून. बारा टक्क्यांऐवजी पाच टक्के आलं तर महिन्याला १६८ नग वाचतात. १,३४,४०० रुपये.

पर्याय दोन. पुन्हा स्पिरिटचा वॉश किंवा वाळवायची भट्टी. स्पिरिटला मी नाही म्हणालो, अण्णांनी तर माझ्या आधीच म्हटलं. ज्या बाईचा हात भाजला होता ती अजून कामाला आहे. तेव्हा भट्टी.

तयार भट्टीचं कोटेशन साडेचार लाख. अण्णांच्या मुलाला ती हवी होती, मला घाई वाटली. आधी इथल्याच फॅब्रिकेटरकडून पत्र्याची कपाटभट्टी करून बघू, गॅस बर्नर, ब्लोअर, थर्मोस्टॅट, आत चाकांची तीन थरांची मांडणी. एक लाख दहा हजार. चित्र मी काढलं, मापं अक्कांनी आणि मुलानं घेतली. अक्कांनी वरचा थर चार इंच खाली घ्यायला लावला, नाहीतर बुटक्या बाईला २८ नग वर चढवताना खांद्याला ओढ बसते.

१६ जुलै

भट्टी आली. १२० अंश, ४० मिनिटं. कोअर बाहेर काढले, गरम, वरून कोरडे. काट्यावर टाकले तर अजून १८-२० ग्रॅम पाणी. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दार उघडलं तेव्हा चष्म्यावर वाफ धरली होती, तिथेच उत्तर होतं. हवा गरम झाली, पण दमट हवा बाहेर पडायला वाट ठेवलीच नव्हती. बंद डब्यात कपडे वाळत घालावेत तसं. चित्र माझं, तेव्हा चूकही माझी.

१७ जुलै

आषाढी. निम्मी माणसं रजेवर. फॅब्रिकेटरचा माणूस उपास असूनही आला. वरती चार इंची धुरांडं, खाली हवा यायला फट. तीच १२० अंश, तीच ४० मिनिटं. शिल्लक पाणी ३ ग्रॅम. मग वेळ कमी करत गेलो, ३० मिनिटांवर ५ ग्रॅम. तिथे थांबलो.

मर्यादा ठरवली: वॉशआधीच्या वजनापेक्षा ३० ग्रॅमपर्यंत जास्त चालेल, वर गेला तर परत भट्टीत. काटा साच्यांच्या लाईनच्या तोंडाशी ठेवला. परत पाठवायचा अधिकार अक्कांचा. सुपरवायझरला विचारायचं नाही, अण्णांनाही नाही. हे अण्णांनी स्वतः सर्वांसमोर सांगावं, असा माझा आग्रह होता. त्यांनी सांगितलं.

२६ जुलै

कृष्णा चढतेय. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांच्या आसपास, ती इशाऱ्याची पातळी. ४५ ला धोका. सांगलीत स्वतः फार पाऊस पडत नाही, पाणी येतं महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरातून, म्हणून इथे कोरड्या आभाळाखालीसुद्धा पोटात गोळा येतो. २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर गेलं होतं ते कुणी विसरलेलं नाही.

कोअर शॉपच्या सहापैकी चौघी आल्या नाहीत, घरातलं सामान वरच्या मजल्यावर चढवतायत. अण्णांनी त्यांचा दिवस भरून धरायला सांगितलं. अक्का आणि एक मुलगी होती, तिसरा मी. दिवसभर पेटीत वाळू ठोकली. माझे ३४ कोअर, त्यातले ५ अक्कांनी बाजूला काढले. आजच्या दिवसाचं बिल लावणार नाही, ही सल्ल्याची मजुरी नव्हे.

६ ऑगस्ट

पाणी उतरलं, माणसं परतली. जुलैचं रिजेक्शन ८.६ टक्के. अर्धा महिना भट्टीविना होता हे धरलं तर ठीक.

१३ ऑगस्ट

या आठवड्यात पुन्हा साडेनऊवर. बोर्डावर ठिपके परत कोअरच्या बाजूला. अक्का म्हणतात एकही ओला कोअर सोडलेला नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि रात्रपाळीला थांबलो.

रात्री दीडला कळलं. लाईन कोअरसाठी थांबू नये म्हणून सुपरवायझरनं दिवसपाळीत जास्तीचे कोअर वाळवून घेतले होते, शंभर-सव्वाशे, आणि ते त्याच ओल्या भिंतीच्या मांडणीवर ठेवले होते. सिलिकेटचा कोअर दमट हवेतून पाणी परत ओढतो. सकाळी भट्टीतून ५ ग्रॅमवर निघालेले रात्री २२ ग्रॅमवर. काटा दिवसा होता, रात्री कपाटात.

सुपरवायझरवर कुणी चिडू नये म्हणून अण्णांना आधीच फोनवर सांगितलं. त्यानं काळजीपोटी केलं होतं, आणि लाईन रिकामी राहू नये हे त्याला वर्षानुवर्षं आम्हीच शिकवलंय. साठा हवा हे त्याचं म्हणणं बरोबर, फक्त किती हा प्रश्न. दिवसाला साधारण ९६ केसिंग जातात. अर्ध्या दिवसाचा साठा पुरतो, ४८ कोअर, तोही भट्टीशेजारच्या कोरड्या जागेत. चार तासांपेक्षा जुना कोअर पुन्हा काट्यावर. वेळ प्रिंटवरच लिहायची, वजनाच्या खाली. ओल्या भिंतीची मांडणी आज काढून टाकली, ठेवायला जागा राहिली की माणूस ठेवतोच.

काटा रात्रपाळीला कुणाच्या ताब्यात? सँड प्लांटवरचा तो मुलगा म्हणाला, माझ्याकडे द्या.

२९ ऑगस्ट

आज फाउंड्रीबाहेरचं काम. अण्णांचे दोन गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतात. या आर्थिक वर्षाच्या आधीपासूनच नियम बदललाय: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकतं केलं नाही, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४३बी (एच). पण समोरच्याला आपण लघु उद्योग आहोत हे कळायला तर हवं. अण्णांच्या बिलावर उद्यम नंबरच, म्हणजे लघु उद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक, नव्हता. त्यांच्या मुलानं तासाभरात बिलाचा नमुना बदलला आणि दोघांना पत्रं गेली. भाषा नरम ठेवली, ही जुनी नाती आहेत. एकाचं उत्तर आलं.

३ सप्टेंबर

ऑगस्ट ६.८ टक्के. मुलाचा डॅशबोर्ड तयार. बोर्डावरचे ठिपके आणि काट्याच्या नोंदी तो रोज संध्याकाळी भरतो. मला विशेष आवडलं ते हे, की त्यानं एक आलेख स्वतःहून जोडलाय: शिल्लक पाणी आणि त्या दिवशीच्या कास्टिंगचं रिजेक्शन. हे मी सुचवलं नव्हतं.

आता उरलेले दोष वाळूचे आणि स्लॅगचे. स्लॅगसाठी मिस्त्रींशी बोलणं सुरू आहे, ते म्हणतात पोअरिंग बेसिनचा (लोखंड ओततात त्या साच्याच्या तोंडाचा) आकार बदलून बघू. चार दिवसांवर गणपती, त्यानंतर.

२५ सप्टेंबर

गणपतीत दोन आठवडे गेलो नाही. फोनही मुद्दाम केला नाही. आज रजिस्टर चाळलं: त्या काळात काट्यावरून परत गेलेले कोअर ७१, प्रत्येकापुढे वेळ आणि सही. तीन ठिकाणी सही मिस्त्रींची. बेसिनचा नवा आकार त्यांनी करून ठेवलाय, लाकडी पॅटर्न घरी बसून कोरला. दोन दिवस त्यांच्याबरोबर ओतून पाहिलं. स्लॅग कमी दिसतेय, पण नग अजून थोडे आहेत.

९ ऑक्टोबर

सप्टेंबर ४.९ टक्के. कराराचे ३३ दिवस वापरले. उरलेल्या सातांची गरज नाही, असं अण्णांना सांगितलं. शेवटचं बिल आज दिलं.

ऑक्टोबरचं कडक ऊन पडलंय. अण्णा अंगणात उभे राहून म्हणाले, "आता ऊन आलंय तर भट्टी बंद ठेवू या का? महिन्याला गॅसचे अठरा हजार वाचतात." प्रश्न रास्त आहे. मी उत्तर दिलं नाही, अक्कांना हाक मारली.

सकाळी नऊला वीस कोअर वॉश करून अंगणात ठेवले. दुपारी एकला आणले. अक्कांनी एकेक गालाला लावला, मग काट्यावर ठेवला. सतरा ३० ग्रॅमच्या आत. तीन भिंतीच्या सावलीत गेलेले, ४४, ४१ आणि ४६.

तिघे भट्टीत गेले. दिवाळीपर्यंत ऊन आणि काटा, सावलीतले भट्टीत, असं अक्का आणि अण्णांनी आपसात ठरवलं. मी शूज गाडीत टाकले.